सोवळ्या नळ्या

लग्नाच्या जाहिरातीत पूर्वी उंची, पगार आणि गोत्र दिलं की भागत असे. हल्ली चौथी बाब लागते. ‘मुलगी सुस्वरूप, नोकरी करणारी, हिरवे कार्ड.’ हॉटेलांच्या काचेवर ‘आमचे सर्व आचारी हिरवे आहेत’ अशी पाटी असते आणि ती वाचून कुणाला हसू येत नाही. मंगल कार्यालयवाले आचाऱ्याशी बोलणी करताना जिलबीच्या आधी कार्डाचं विचारतात. लाल निघालेल्याने एक गोळी घ्यायची, थोड्या दिवसांनी पुन्हा बोट टोचायचं आणि हिरवं होऊन यायचं, इतकं ते सोपं आहे. तरी एकदा लाल झालेल्याच्या हातचं पाणीसुद्धा लोक पुढे वर्षभर नको म्हणतात. नको म्हणायला सरकारी नियम लागत नाही.

या कार्डाचं नाव कृमिवेध. ते शोधून काढणारी डॉ. विनया कुरुंदवाडकर आमच्या या कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावची सून. गावाने तिचा सत्कार केला तेव्हा आमदारांनी बोंडअळीवर मात केल्याबद्दल तिचं अभिनंदन केलं. विनयाने माईक हातात घेऊन ती चूक दुरुस्त केली, ती अशी की ऐकणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ती म्हणाली, हा पट्टकृमी. फितीसारखा चपटा आणि माणसापेक्षा लांब. डुकराचं मांस अर्धंकच्चं खाल्लं तर तो पोटात शिरतो आणि आतड्याला चिकटून वर्षानुवर्षं राहतो. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे घरमालकाला भाडेकरूचा पत्ताच नसतो. त्याची अंडी रोज शौचावाटे बाहेर पडतात. हात साबणाने नीट धुतले नाहीत तर ती नखांत राहतात, नखांतून ताटात येतात. दुसऱ्या कुणी ती गिळली की मात्र पोटात जंत होत नाही. अंड्यातला जीव रक्तात शिरतो, मेंदूत जाऊन बसतो आणि तिथे त्याची गाठ होते. मग काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, धडधाकट माणूस चालता चालता कोसळतो आणि त्याला झटके येतात. म्हणजे डुक्कर एकाने खायचं आणि डोकं दुसऱ्याचं जायचं. तो दुसरा जन्मभर वरणभात खाणारा असू शकतो.

हा जंत बाळगणारा माणूस शोधायचा कसा, हीच अडचण होती. सूक्ष्मदर्शकाखाली शौच तपासलं तर अंडी एखाद्या दिवशी दिसायची, चार दिवस नाही. जुन्या रक्तचाचण्या शरीराने जंताविरुद्ध जी हत्यारं तयार केली ती मोजायच्या. पण शत्रू मेला तरी हत्यारं कोठारात पडून राहतात, त्यामुळे जंत आज आहे की कधीकाळी होता ते समजायचं नाही. विनयाने जंताच्याच अंगातून झिरपणाऱ्या एका प्रथिनाचा तुकडा पकडला. जंत जिवंत असेतो तो रक्तात सापडतो, जंत मेला की आठवडाभरात नाहीसा होतो. हीच तिच्या कार्डाची शान होती. कार्ड मागचं उकरत नाही, आज पोटात कोण बसलंय तेवढं सांगतं.

आता प्रत्येकाच्या रक्तात थोडी चमक दिसतेच, कारण पोटातले इतर साधे जंत तसलेच तुकडे सोडतात. तेव्हा किती चमक दिसली म्हणजे लाल म्हणायचं, याची एक रेघ आखावी लागते. ती आखायला ज्यांच्या पोटात हा जंत असणं शक्यच नाही अशा माणसांचं रक्त लागतं. त्यांतल्या सर्वांत जास्त चमकणाऱ्याच्या जरा वर रेघ मारायची.

अशी माणसं कुठे मिळणार? विनयाने फार लांब शोध घेतला नाही. डुक्कर खाल्ल्याशिवाय जंत पोटात जात नाही आणि तिच्या सासरी तीन पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नव्हतं. पुतण्याच्या मुंजीला सगळे कुरुंदवाडकर एकत्र आले, तेव्हा कार्यालयाच्या एका खोलीत बटूचं डोकं भादरणं चाललं होतं आणि शेजारच्या खोलीत विनया एकेका नातेवाइकाच्या दंडाला पट्टा आवळत होती. तिच्या सासूबाई मनोरमाबाई, म्हणजे माई, दाराशी उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या की आता आमच्या रक्तावरून सगळ्या राज्याचं सोवळं ठरणार आहे.

उरलेल्या नळ्या शबाना अत्तारने भरून आणल्या. शबाना विनयाच्या हाताखालची संशोधक, हिशेबात तिखट आणि जिभेने त्याहून. तिने आपल्या मोहल्ल्यातले सगळे मामू आणि खाला रांगेत बसवले. डुकराच्या बाबतीत या दोन घरांचं जेवढं एकमत होतं तेवढं गावात दुसऱ्या कशावरच सापडलं नसतं. प्रयोगशाळेत त्या नळ्यांना सोवळ्या नळ्या म्हणू लागले. नाव शबानानेच ठेवलं होतं.

सतरा नंबरची नळी मात्र इतरांपेक्षा बरीच चमकली. शबाना म्हणाली की ही बाजूला काढू या, मला हिच्या सोवळ्याची खात्री वाटत नाही. विनयाने नंबर पाहिला. नळ्यांवर नावं नव्हती, पण कुठला नंबर कुणाचा हे तिला तोंडपाठ होतं. ती हसली आणि म्हणाली, हे अगदी घरचं रक्त आहे, साधे जंत असतील, तेवढी चमक धरूनच रेघ आखू. रेघ सतराच्या वर गेली. त्याच रेघेवर पुढे राज्यभर कार्डं छापली गेली.

सतरा नंबर म्हणजे तिचा नवरा श्रीरंग.

श्रीरंग कुरुंदवाडकर हा गावाचा माणूस. बँकेत अधिकारी, पण ती त्याची दुय्यम नोकरी. कुणाला दवाखान्यात ठेवलं की थर्मास घेऊन हजर, कुणाकडे मयत झालं की खांद्याला पहिला, पंगतीत वाढायला कमरेला उपरणं बांधून पुढे. बायको राज्यभर प्रसिद्ध झाली तरी त्याला पोटदुखी झाली नाही. उलट लोकांशी ओळख करून देताना तो स्वतःला ‘डॉक्टरीणबाईंचे यजमान’ म्हणायचा आणि आपणच आधी हसायचा. दर गुरुवारी कॉलनीतल्या दत्तमंदिरात आरती झाली की दहीपोह्यांचा प्रसाद असे. दहीपोहे श्रीरंग कालवायचा. मोठ्या पातेल्यात कोपरापर्यंत हात घालून. डावाने कालवले तर मुरत नाहीत असं त्याचं मत होतं, आणि त्याच्या हाताला चव आहे असं गावाचं.

मंदिरासमोर नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह होतं. गुरुवारी तिथल्या मेसमध्ये नुसती खिचडी असल्याने मुली आरतीला अगदी भक्तिभावाने यायच्या. श्रीरंग त्यांना प्रसाद देताना दोनदा हात भरायचा. परक्या गावच्या पोरी, म्हणायचा, पोटभर खाऊ देत.

कार्ड येऊन दोन वर्षं झाली तेव्हा त्या वसतिगृहातल्या एका मुलीला वर्गात झटका आला. मग दुसरीला. मग तिसरीला आंघोळीच्या वेळी. डोक्याच्या तपासण्या झाल्या आणि सगळ्यांच्या मेंदूत गाठी निघाल्या. औषधं सुरू होताहोता सारिका हाके ही जतकडची मुलगी वसतिगृहाचा जिना उतरताना झटका येऊन वरून खाली आली आणि गेली. तिला घेऊन अँब्युलन्स मिरजेकडे धावली तेव्हा तिचं डोकं मांडीवर धरून श्रीरंगच बसला होता. तिच्या बापाला, मायाप्पा हाकेंना, फोन त्यानेच केला, आणि पुढचे दोन दिवस त्यांच्या जेवणाखाण्याचं त्यानेच पाहिलं.

गावाला कारण शोधायला वेळ लागला नाही. मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या चंपाबाई माने कैकाडी गल्लीत राहायच्या, आणि त्या गल्लीत डुकरं होती. एवढं पुरे होतं. अडचण एकच, चंपाबाईंचं कार्ड हिरवं होतं. मग कुणी म्हणालं कार्ड विकत घेतलं, कुणी म्हणालं कार्डाचं मशीनच खोटं. संस्थेने त्यांना कामावरून बंद केलं आणि चौकशी समिती नेमली, पालकांनी निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची तक्रार दिली, आणि एक दिवस गाडी येऊन गल्लीतली सगळी डुकरं भरून घेऊन गेली.

चंपाबाई प्रयोगशाळेत आल्या त्या भांडायलाच. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की आम्ही डुकरं पाळतो म्हणून ती कच्ची खातो की काय. आमची म्हातारी रटरट शिजल्याशिवाय भांड्यावरचं झाकण काढू द्यायची नाही. आणि तुमचं यंत्र मला चांगलं म्हणतंय, तर तुम्ही गावाला तसं सांगत का नाही?

विनयाने त्यांचं रक्त पुन्हा तपासलं. चमक रेघेच्या खाली होती, आणि नुसती खाली नव्हे, जवळजवळ नव्हतीच. चंपाबाईंच्या पोटात जंत नव्हता आणि बहुधा कधीच नव्हता. म्हणजे मशीन बरोबर होतं, विनयाची अब्रू शाबूत होती. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तसं पत्रक काढून मोकळं झालं असतं. पण मुलींच्या डोक्यात गाठी तर होत्या, आणि त्या कुणाच्या तरी हातून आल्या होत्या.

मग शबानाने तिची अर्धवट राहिलेली चाचणी बाहेर काढली. या जंताला जोडीदार लागत नाही. नर तोच, मादी तीच, त्यामुळे एका जंताची सगळी अंडी जवळजवळ एकसारखी निघतात. मेंदूतल्या गाठीतून, तसेच पोटातल्या जंतातून, त्याच्या जनुकांचे बारीक कण रक्तात येतात. ते वाचले तर कुठली गाठ कुठल्या जंताची लेकरं हे सांगता येतं. प्रयोगशाळेत याला गोत्र काढणं म्हणत. चाचणीला अजून सरकारी मान्यता नव्हती, पण काम चोख होतं.

सगळ्या मुलींच्या गाठी एकाच गोत्राच्या निघाल्या. शबानाने ते गोत्र शीतपेटीत साठवलेल्या सगळ्या जुन्या रक्तांशी ताडून पाहिलं आणि निकाल घेऊन विनयाच्या टेबलापाशी आली.

“मॅडम, सतरा नंबर कोण?”

“पाहून सांगते,” विनया म्हणाली. पाहायचं काहीच नव्हतं.

शबानाने निकालाचा कागद टेबलावर ठेवला. “घरचं रक्त शाकाहारी आहे हे त्या जंताला कुणी सांगितलं नव्हतं,” एवढंच बोलली आणि दार ओढून घेऊन गेली. इतकी वर्षं एकत्र काम करून तिला उत्तर ऐकायची गरज उरलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंग दाढी करून आला तेव्हा विनयाने त्याचं बोट मागितलं. तो गमतीत म्हणाला की आजवर हात मागितला जातो असं ऐकलं होतं. दहा मिनिटांनी कार्ड त्याच रेघेच्या जरा खाली थांबलं, म्हणजे हिरवंच. मग विनयाने सतरा नंबर वगळून जिथे रेघ यायला हवी होती तिथे नखाने खूण केली आणि त्याच्यासमोर धरली. चमक खुणेच्या बरीच वर होती. श्रीरंगला रक्तातलं काही समजत नसे, पण बायकोचा चेहरा वाचता येत असे.

त्याने फार ओढून धरलं नाही. बँकेच्या कामाने गोव्याला जाणं व्हायचं. तिथल्या मित्रांकडे डुकराच्या मांसाच्या लाल सॉसेजेस असायच्या, घरी केलेल्या, निखाऱ्यावर जेमतेम फिरवलेल्या. पहिल्यांदा खाल्ल्या त्याला सहासात वर्षं झाली असतील. माणूस घराबाहेर गेला की थोडा मोकळा होतो, तो म्हणाला, यात कुणाचं काय जातं असं वाटलं.

विनयाने त्याला काय गेलं ते सांगितलं. सारिकाचं नाव आलं तेव्हा तो खाली बसला. अँब्युलन्समध्ये त्या मुलीच्या तोंडावरचा फेस आपण याच हाताने पुसला, असं काहीतरी पुटपुटत राहिला. खोटं रडत नव्हता, हे इथे नोंदवायला हवं. श्रीरंगचं सगळं खरंच असे, म्हणून तर लोक त्याच्यावर जीव टाकत.

आता विनयासमोर दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही एकदम जमणाऱ्या नव्हत्या. त्याला तसाच ठेवून समितीसमोर उभा केला असता, तर पुरावा त्याच्या पोटात जिवंत राहिला असता. पण गुरुवार उद्यावर आला होता. आणि गुरुवार नसता तरी रोज घरातल्या पोळीला, पाण्याला, माईंच्या ताटाला तो हात लागतच होता. तिने पर्समधून गोळी काढून दिली. जे बाहेर पडेल ते डब्यात धरून दे, असं सांगून डबाही दिला. आणि वचन घेतलं की चौकशी समितीची सभा होईल तेव्हा त्याने स्वतः उठून सगळं सांगायचं.

“मीच सांगतो,” तो म्हणाला. “तू सांगितलंस तर वाईट दिसेल.”

संध्याकाळी डबा रिकामा होता. घाईत पाणी ओतलं गेलं, तो म्हणाला. विनयाने विश्वास ठेवला, कारण न ठेवून पुढे काय करायचं ते तिला सुचेना.

माईंना तिनेच सांगितलं. त्या गवार निवडत होत्या. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. मग म्हणाल्या, “खाल्लं असेल. पण ते गावात सांगायचं असतं होय?”

विनयाने चंपाबाईंचं विचारलं. माई म्हणाल्या की त्या बायकांना दुसरीकडे काम मिळतं, श्रीला दुसरं गाव मिळणार नाही. यानंतर त्यांनी तो विषय संपला असं धरलं.

विनयाने रेघ चुकल्याचं पत्र वरच्या कार्यालयाला पाठवलं. राज्यभर हिरवे ठरलेल्यांत बरेच जण लाल असू शकतात, सगळ्यांची चाचणी पुन्हा करा, असं तिने स्वच्छ लिहिलं होतं. उत्तर आलं की पत्र मिळालं.

तीन आठवड्यांनी वसतिगृहाच्या सभागृहात सभा भरली. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य घोरपडे सर. पुढे पालक, मधे कॉलनीतली मंडळी, मागे भिंतीला टेकून चंपाबाई आणि त्यांच्या गल्लीतल्या दोघी. श्रीरंग तिसऱ्या रांगेत, मायाप्पा हाकेंच्या शेजारी. येताना त्यांच्यासाठी त्याने पाण्याची बाटली आणली होती.

घोरपडे सरांनी कुणाला काही सांगायचं आहे का असं विचारलं. विनयाने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. श्रीरंग बाटलीचं झाकण उघडून मायाप्पांना देत होता. तिने पुष्कळ वाट पाहिली. मग ती उठली आणि स्वतःच बोलली. रेघ कशी चुकली, सोवळ्या नळ्या कुठून आल्या, गोत्र कुणाचं निघालं. नाव घेतलं, नातंही सांगितलं.

सभागृहात जी शांतता पसरली ती धक्क्याची नव्हती. संकोचाची होती. नवराबायकोचं भांडण चारचौघांत आलं की पाहुणे बघतात तशी माणसं चपलांकडे बघू लागली.

घोरपडे सर चांगले गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे एकेक मुद्दा घेतला. गोत्राच्या चाचणीला मान्यता आहे का? नाही. मुंजीच्या गर्दीत नळ्यांची अदलाबदल झाली नसेलच असं छातीठोक सांगता येईल का? विनया हो म्हणाली, पण रेघ आखतानाही ती अशीच छातीठोक होती हे त्यांनी हळूच लक्षात आणून दिलं. “म्हणजे मशीन चुकतं, हे तुम्हीच सांगताय. आणि मशीनवर विश्वास ठेवा, हेही तुम्हीच सांगताय.”

मागून कुणीतरी म्हणालं, आत्ता इथेच दोघांची चाचणी घ्या. विनया सांगू लागली की त्याला गोळी दिली आहे, जंत मेला आहे, आता रक्तात काही दिसणार नाही. पण तेवढ्यात श्रीरंग उठून टेबलापाशी आला होता आणि बाही वर सारत होता.

“घ्या की,” तो म्हणाला. “माझ्या बायकोचं मशीन आहे. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.”

लोक हसले, मोकळं झाल्यासारखे. विनयाला स्वतःच्या हाताने त्याचं बोट टोचावं लागलं. मग चंपाबाई पुढे आल्या. रेघ जुनी धरा की नवी, दोन्ही कार्डं शेजारी शेजारी हिरवी झाली. मशीनने दोघांना सारखंच सोडलं होतं. उरलेला निकाल सभागृहाने दिला, आणि त्याला मशीनइतकाही वेळ लागला नाही.

मायाप्पा हाके उठले. दिवसभर उन्हात उभं राहिलेल्या माणसाचा आवाज होता. “माझ्या पोरीचं डोकं यांनी मांडीवर घेतलं हुतं,” ते म्हणाले. “त्या माणसाचं नाव घेताय बाई तुम्ही?”

चंपाबाईंनी टेबलावरची दोन्ही कार्डं उचलून पाहिली. “माझंबी हिरवंच आलंय की,” त्या म्हणाल्या. “माझं हिरवं कच्चं आन् त्यांचं पक्कं, आसं का?”

समितीने नोंद केली की चाचणी भरवशाची नसल्याने स्वयंपाकिणीचं निर्दोषत्व सिद्ध होत नाही. पोलिसांतली तक्रार कायम राहिली. मेसमध्ये नवा आचारी नेमला. त्याचं कार्ड कुणी मागितलं नाही, कारण तो जानव्याचा होता.

घरी आल्यावर श्रीरंगने विनयाला विचारलं की मी खोटं काय बोललो ते सांग, एक शब्द तरी. तिने सगळी वाक्यं आठवून पाहिली. खरंच, एकही नव्हता. ती कपडे भरून प्रयोगशाळेच्या वरच्या खोलीत राहायला गेली. कॉलनीने श्रीरंगला डबे पोचवायला सुरुवात केली. बायको डोक्याने हुशार असली की असं होतं, अशी एक सहानुभूतीही डब्याबरोबर जात असे.

मग हळूहळू प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी माणसं येऊ लागली.

आधी कॉलनीतल्या दोन बायका, भाजीच्या पिशव्या घेऊन. डोकं दुखतं, जरा तपासशील का, नाव नको घालू. मग मंदिराचे पुजारी. मग स्वतः घोरपडे सर, टोपी काढून हातात धरून. ज्यांनी ज्यांनी सभेत चपलांकडे पाहिलं होतं ते एकेक करून बोट पुढे करत होते. म्हणजे तिच्या बोलण्यावर कुणाचा अविश्वास नव्हताच. सगळ्यांना पटलं होतं. फक्त ते चंपाबाईंच्या देखत पटवून घ्यायचं नव्हतं. काहींच्या डोक्यात गाठी निघाल्या. शबाना गोत्र काढायची आणि नळी मांडणीत ठेवायची. गोत्र दर वेळी तेच. नळीवर तारीख, बाकी कोरं.

दरम्यान पुण्याच्या एका संस्थेने गोत्राची चाचणी तपासून न्यायालयात साक्ष द्यायची तयारी दाखवली. अट एकच होती. त्या मेसमध्ये कधीही न जेवलेल्या कुणा माणसाच्या डोक्यात तेच गोत्र सापडलं पाहिजे, आणि त्याचं नाव आणि सही नळीसोबत हवी. असं एक जरी माणूस मिळालं तरी चंपाबाई सुटत होत्या. मांडणीत तसल्या नळ्या ओळीने उभ्या होत्या. विनयाने एकेकाला फोन केले. कुणाची मुलगी लग्नाची होती, कुणाचं मंदिराशी नातं होतं. घोरपडे सरांनी फोन घेतला नाही.

एका दुपारी रिक्षा थांबली आणि माई उतरल्या. इस्त्रीची साडी, हातात छत्री. शबानाने खुर्ची दिली तर तिच्याकडे न पाहता बसल्या. म्हणाल्या, उजवा हात दोनदा आपोआप हलला, कप पडला. काल बोलताना शब्द मिळेना. विनयाने काही न विचारता बोट टोचलं. निकाल यायला वेळ लागला. माईंनी एकदा फक्त तू जेवतेस का वेळेवर असं विचारलं.

“आहे?” माईंनी विचारलं.

“आहे. औषध आहे त्यावर. या वयात जपून द्यावं लागेल, पण देऊ.”

“तेच?”

विनयाने मान हलवली. मग तिने पुण्याची अट सांगितली. मेसचं पाणीही न प्यायलेलं माणूस. तुमच्यापेक्षा चांगला साक्षीदार सापडणार नाही, माई. त्या बाईवरचा खटला निघून जाईल.

“आणि श्री?”

विनयाने टेबलावरची लेखणी जवळ ओढली.

माई बराच वेळ मांडणीतल्या कोऱ्या नळ्यांकडे बघत राहिल्या. आपल्या ओळखीची माणसं त्यांत कोणकोण असतील याचा बहुधा अंदाज घेत होत्या. विनयाने नळी हातात घेतली, लेखणीचं टोपण काढलं आणि पूर्ण नाव सांगा म्हणाली. माईंनी टोचलेल्या बोटावर कापूस घट्ट दाबून धरला.

“बेवारस लिही,” त्या म्हणाल्या.